मॅटाडोरची मागची बैठक

आमच्या हिंगणघाटच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मॅटाडोर उभी असते. वडिलांनी ती १९८४ साली घेतली. दादाची नातवंडे तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि सुट्टीत आली की तिच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती अजून व्हिंटेज झालेली नाही. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडीच त्या नावास पात्र ठरते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो आणि ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. आमच्या गाडीला हा मान मिळण्यासाठी २०३४ उजाडावे लागेल. तोवर ती नुसती म्हातारी आहे, आणि म्हातारपणाचा पर्यावरण कर आम्ही नियमाने भरतो.

आमचे कापडाचे दुकान. वडिलांच्या पश्चात ते दादाने सांभाळले, मी एम. कॉम. करून १९८० साली बँकेत लागलो आणि २०१७ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गाडी घेतली ती दुकानासाठी. नागपूरच्या गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे आणायचे आणि समुद्रपूर, वडनेर, अल्लीपूर अशा बाजारांच्या गावी पोहोचवायचे. पण वडिलांचा हिशेब एकाच गोष्टीसाठी एक वस्तू घेण्याचा नव्हता. नागपूरला बॉडी बांधून घेताना त्यांनी पुढच्या आसनांच्या मागे तीन माणसांची एक लांब बैठक बसवून घेतली आणि तिच्यामागे माल ठेवण्याची जागा राखली. नोंदणी पुस्तिकेत आसनसंख्या लिहिली गेली: चालकासह सहा. या ‘सहा’ आकड्याशी आमच्या घराने पुढे जे केले, तेच मला येथे लिहायचे आहे.

त्याआधी गाडीच्या कुळाविषयी दोन शब्द. आपल्या व्यापारी घरांत ‘टेम्पो’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो, परंतु तो एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. हाम्बुर्गच्या विडाल कुटुंबाच्या त्या कारखान्याशी सहकार्य करून नवलमलजी फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली. पुढे नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पो झाली, आणि आमच्या विदर्भात ‘मेटाडोर’ झाली. फिरोदिया घराणे नगरचे, आपल्याच समाजाचे. नवलमलजींचे वडील कुंदनमलजी हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. आणि कंपनीच्या नावातले ‘बजाज’ म्हणजे आमच्या वर्ध्याच्या जमनालालजींचे घराणे. त्यामुळे वडील पाहुण्यांना गाडी दाखवताना म्हणत, “परकी नाही, दोन्हीकडून घरचीच आहे.” २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तेव्हा वडील नव्हते. असते तर त्यांना ते रुचले नसते.

या गाडीचा एक गुण अजूनही वाखाणण्याजोगा आहे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नव्हे, तर पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे गाडीच्या पोटाखालून मागपर्यंत जाणारा फिरता दांडा नाही, आणि म्हणून तळ सपाट व बराच खाली ठेवता आला आहे. गठ्ठे चढवणाऱ्या हमालांना त्याचे सुख होते. चाळीस वर्षांनी ते सुख एका निराळ्याच व्यक्तीच्या कामी येणार होते.

१९८६ च्या दिवाळीत माल वाढला आणि मागची बैठक अडचण ठरू लागली. चार बोल्ट काढले की ती सुटत असे. वडिलांनी ती काढून गोदामाच्या माळ्यावर ठेवली. दिवाळीनंतर पुन्हा लावू असे ठरले होते; लग्नसराई आली, मग पेरणीच्या आधीची खरेदी आली. बैठक वरच राहिली. घरच्यांना कोठे जायचे झाले की मागे सतरंजी आणि वर गादी अंथरली जाई. लहान मुलांना ती बैठक नसण्यातच मौज वाटे. गाडी वळली की सगळी एकमेकांवर कोसळत आणि हसत.

१९९४ च्या जानेवारीत आम्ही असेच भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालो. मी रजा घेऊन आलो होतो. दादा गाडी चालवत होता, शेजारी वडील आणि मी. मागे गादीवर आई, वहिनी, माझी पत्नी, धाकटी बहीण आणि मुले. जाम चौकातून वरोऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग होती. शेवटच्या बंडीचा बैल अचानक आडवा आला. दादाने ब्रेक दाबला. गाडी वेळेवर थांबली, बैलाला धक्काही लागला नाही. मागे मात्र सगळी माणसे पुढे फेकली गेली. मुले बायकांच्या अंगावर पडली म्हणून बचावली. बहीण आमच्या आसनामागच्या लोखंडी आडव्या दांडीवर आदळली आणि तिचा उजवा कोपर मोडला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टरांनी हात वाचवला, पण तो पुरता सरळ कधी झाला नाही. आज ती साठीला आली आहे. पंगतीत वाढताना डाव्या हाताने वाढते आणि नवीन माणूस असेल तर “माफ करा हं, उजवा चालत नाही,” असे म्हणते. तिच्या तोंडचे हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आहे.

त्या दिवसापासून आई मॅटाडोरमध्ये बसली नाही. तिने कोणाला दोष दिला नाही, भांडण केले नाही. “मी रेल्वेने येते,” एवढेच म्हणे.

आता जे लिहायचे ते लिहिताना लेखणी अडखळते. १९९९ साली गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागली. पुस्तिकेत आसने सहा, गाडीत तीन. आदल्या रात्री दादाने माळ्यावरची बैठक उतरवली, धूळ झटकली, चार बोल्टांपैकी सापडले तेवढे दोन लावले आणि बाकीच्या दोन ठिकाणी तार पिळली. तपासणी झाली, शिक्का मिळाला. दुसऱ्या दिवशी बैठक पुन्हा माळ्यावर. २००४, २००९, २०१४, २०१९: दर पाच वर्षांनी हा सोहळा होत राहिला आणि मला तो ठाऊक होता.

मी त्या काळात बँकेत काय करीत होतो? मालाच्या तारणावर दिलेल्या कर्जांची तपासणी. व्यापाऱ्याने स्टॉक स्टेटमेंटमध्ये लिहिलेला माल गोदामात प्रत्यक्ष आहे की नाही, हे पाहणे माझे काम होते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गोदामांत माझ्यासारखे कोणी येऊन गेले असेल. तपासणीच्या दिवसापुरती शेजारच्या दुकानातून पोती आणून थप्पी लावणारे व्यापारी मी पाहिले आहेत. ते ओळखण्याची युक्तीही सोपी असते. थप्पीखालच्या जमिनीवर धूळ असते, कारण कालपर्यंत तेथे काही नव्हतेच. मी अशा दोन-तीन जणांना चारचौघांत चांगले सुनावले होते. आणि आमच्या गाडीतल्या बैठकीखाली तीच धूळ होती.

२०२४ चे नूतनीकरण जवळ आले तेव्हा घरात दोन मते पडली. दादाच्या मुलांचे म्हणणे, गाडी भंगारात द्यावी. सरकारचे धोरणही तसेच आहे. दादाला ते पटत नव्हते, पण आता त्याच्याने बैठक उचलवत नव्हती. त्याचेही वय झाले आहे. या चर्चेत आईने तोंड घातले. आई अठ्ठ्याऐंशीची. दोन वर्षांपूर्वी खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला पाय उंच उचलता येत नाही. पुतण्याच्या नव्या उंच गाडीत तिला दोघांनी धरून चढवावे लागते आणि त्याची तिला लाज वाटते. ती म्हणाली, “ह्या गाडीची पायरी बुटकी आहे. मला भद्रावतीला जायचं आहे. पण खाली नाही बसायची मी.”

तीस वर्षांनी तिने त्या गाडीचे नाव काढले होते. बैठक या वेळी तपासणीसाठी नव्हे, आईसाठी लावायची, असे मी ठरवले.

माळ्यावरून बैठक उतरली ती दयनीय स्थितीत होती. रेक्झिन फाटलेले, आतल्या काथ्यात उंदरांनी संसार केलेला, स्प्रिंगा गंजलेल्या. सांगाडा मात्र शाबूत होता. गादीचे काम सोपे होते. आमच्याकडचे कारागीर दोन दिवसांत नवा फोम आणि रेक्झिन लावून देतात. खरा प्रश्न ती बसवायची कशी हा होता. ओळखीचे मिस्त्री येऊन पाहून गेले. मूळ चार भोकांपैकी दोन गंजून रुपयाएवढी झाली होती. मिस्त्री म्हणाले, “मॅनेजरसाहेब, काळजी नका करू. पत्र्याले चार टाके मारून देतो. हत्ती बसला तरी हालत नाही.”

हत्ती बसला तर हालणार नाही, हे खरे होते. परंतु १९९४ साली कोणी बैठकीवर बसून ती मोडली नव्हती. प्रश्न बसण्याचा नव्हता, थांबण्याचा होता. दादाचा नातू अभियांत्रिकी शिकतो. त्याला मी विचारले की गाडी एकदम थांबली तर माणसाचा जोर किती पडतो. त्याने कागदावर मांडून दाखवले. साठ किलोचा माणूस, गाडीचा वेग ताशी पन्नास किलोमीटर. धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या माणसाला धरून ठेवणाऱ्या वस्तूवर सुमारे साडेआठशे किलोचा ओढा येतो. मी वाणिज्याचा विद्यार्थी. मला हा आकडा कापसाच्या भाषेत कळला. आपल्याकडची कापसाची गाठ १७० किलोची. म्हणजे एका माणसामागे पाच गाठी. तिघे बसले तर पंधरा. पत्र्यावरचे चार टाके पंधरा गाठी ओढून धरतील का, असे मी मिस्त्रींना विचारले. ते हसले नाहीत. हिंगणघाटच्या माणसाला गाठ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, “मंग खालून पाहा लागते.”

मग गाडी खड्ड्यावर घेतली आणि आम्ही दोघे खालून पाहू लागलो. सदुसष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. नुसता पत्रा कितीही चांगला असला तरी ओढ बसल्यावर बोल्टाचे डोके त्यातून बटणासारखे निसटून येते. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. जेथे खाली आडवा लोखंडी चॅनेल आहे तेथे बोल्ट चॅनेलमधून आरपार जावा. आणि जेथे चॅनेल नाही तेथे पत्र्याच्या खालून तळहाताएवढी जाड पट्टी लावावी, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळीकडे वाटली जाते. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. वेल्डिंगपूर्वी मिस्त्रींनी बॅटरीची तार काढली आणि डिझेलची टाकी व नळ्या कोठे आहेत ते हाताने चाचपून पाहिले. हे त्यांनी मला विचारून केले नाही. त्यांची ती सवयच होती, आणि ती पाहिल्यावर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. बोल्टही कोणतेही चालत नाहीत. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले अधिक ताकदीचे असतात. दुकानदार मागितल्याशिवाय ते देत नाही.

दुसरा प्रश्न पट्ट्यांचा. आमच्या गाडीच्या काळात मागच्या आसनाला पट्टा हा विचारच नव्हता. आजच्या गाड्यांत तो असतो, आणि नियमाप्रमाणे मागे पुढच्या दिशेला तोंड करून बसणाऱ्यांनीही तो लावायचा असतो; आपण लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात आढळले. त्या आठवड्यात आमच्या बाजारपेठेत प्रत्येक जण मागचा पट्टा लावीत होता. दिवाळीपर्यंत ते ओसरले.

एक मित्र म्हणाले, भंगारातून पट्टे आणा, निम्म्या किमतीत मिळतील. भंगारातली गाडी बहुधा अपघातातलीच असते आणि एकदा ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा भरवशाचा राहत नाही. नातवाने नागपूरहून नवे आणले. ते बैठकीच्या सांगाड्याला न लावता गाडीच्या अंगाला लावले: खालची टोके चॅनेलला आणि कडेच्या दोन आसनांची वरची टोके खिडकीलगतच्या खांबाला, आतून पट्टी देऊन. म्हणजे धडकेत बैठकीला स्वतःचेच वजन सावरायचे, माणसांचे नाही. मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा मिळाला, कारण तेथे वर आधार घ्यायला काही नव्हते. ते मला खटकते. मधली जागा शक्यतो रिकामी ठेवायची, असा आमच्यात ठराव झाला आहे.

एकूण खर्च १७,४०० रुपये आला. पुतण्याच्या मते गाडीचे भंगारमूल्य लक्षात घेता ही गुंतवणूक चुकीची. ताळेबंदाच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे.

येथे आपल्या वाचकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बँकेत असताना मी तिचे परिणाम पाहिले आहेत. आमच्या पुस्तिकेत सहा आसने मुळातच होती, म्हणून बैठक लावणे म्हणजे नोंदीप्रमाणे गाडी पूर्ववत करणे होते. ज्या गाडीची नोंद मालवाहू म्हणून आहे, तिच्यात अशी बैठक परस्पर बसवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. आणि मालवाहू गाडीत माल नसताना नुसते बसून जाणाऱ्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ठरवले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत जात असेल तर गोष्ट वेगळी. पण लग्नाला, दर्शनाला, अंत्यविधीला आपण दुकानाच्या टेम्पोत घरची माणसे भरतो, तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला काही झाले तर तो बोजा गाडीच्या मालकावर, म्हणजे आपल्यावरच येतो. कागद पाहा. पाहायला पाच मिनिटे लागतात. मला ती काढायला अडतीस वर्षे लागली.

तपासणीच्या दिवशी मी स्वतः गाडीबरोबर गेलो. अधिकाऱ्याने आत डोकावले, आसने मोजली, एका पट्ट्याला हिसका देऊन पाहिला आणि पुढे गेला. दादाला तेवढ्याने समाधान झाले नाही. चार बोल्ट आहेत, तार नाही, हे त्याला कोणाला तरी दाखवायचे होते. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्या दिवशी ब्रेक मी बरोबर मारला होता रे.” मी म्हणालो, “हो दादा, बरोबरच मारला होतास. बैठक नव्हती.” तीस वर्षांत आम्ही भाऊ या विषयावर इतकेच बोललो आहोत.

जानेवारीत आम्ही निघालो. बहिणीला मुद्दाम बोलावून घेतले होते. ती यायला तयार होईल असे मला वाटले नव्हते, पण आली. आईने दाराची कड धरली, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि कोणाचा हात न घेता आत गेली. बैठकीवर टेकल्यावर तिने दोन्ही तळहातांनी रेक्झिन चाचपले. बहीण दुसऱ्या खिडकीशी बसली. तिने डाव्या हाताने पट्टा ओढला आणि आईचाही लावून दिला. गाडी आता नातू चालवतो, ताशी पन्नासच्या वर नेत नाही. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, पण तेथे या गाडीचे काम नाही. जाम चौक ओलांडला. कापूस आता ट्रॅक्टरने आणि टेम्पोने जातो. बंड्यांची रांग कोठे दिसली नाही. तरी त्या वळणाजवळ आल्यावर मी आरशातून मागे पाहिले. बहीण बाहेर पाहत होती. आईने पट्टा एका हाताने गळ्यापासून दूर धरला होता.

मला वाटले, तिला भीती वाटते आहे. वरोऱ्याला थांबल्यावर विचारले तर म्हणाली, “भीती कसली? मानेला काचतो तो.” आई बुटकी आहे आणि उतारवयाने आणखी खाली आली आहे, आम्ही खांबावरचे टोक सरासरी उंचीच्या माणसाच्या मापाने लावले होते. पट्टा खांद्यावरून जायला हवा तो तिच्या मानेवरून जात होता, आणि तसा पट्टा ऐन वेळी रक्षणाऐवजी इजाच करील. त्या दिवशी घडी घातलेला टॉवेल मध्ये ठेवून वेळ निभावली. परत आल्यावर मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आईला बैठकीवर बसवून, तिच्या खांद्याच्या मापाने खडूची खूण केली आणि टोक चार इंच खाली घेतले. जुने भोक त्यांनी बुजवून टाकले.